मानवी संसर्गकाळातील हिवताप-परजीवीची जनुकीय अभिव्यक्ती : एक विवेचन

प्रस्तावना

हिवताप डासांमार्फत पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांच्या १८९७ मधील सिकंदराबाद येथील संशोधनाने स्पष्ट झाले. तथापि हा रोग आजही आटोक्यात आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात सुमारे ५ लाख ९७ हजार व्यक्ती हिवतापाने दगावल्या. त्यांत आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालकांची संख्या सर्वाधिक होती. यांतील बहुतांश मृत्यूंना प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा परजीवी कारणीभूत असतो. हाच परजीवी एका रुग्णात केवळ ताप आणतो, दुसऱ्यात मेंदूचा हिवताप घडवितो, तर तिसऱ्याच्या रक्तात लक्षणांविना महिनोन्‌महिने राहतो. या भेदाचे एक कारण रुग्णाची प्रतिकारशक्ती हे होय. दुसरे कारण परजीवीच्या जनुकीय अभिव्यक्तीत आढळते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कारणाचे विवेचन केले आहे.

जनुकीय अभिव्यक्तीचे स्वरूप

ग्रंथालयात हजारो ग्रंथ असले तरी सर्व ग्रंथ एकाच वेळी वाचले जात नाहीत. पेशीतील जनुकांचेही तसेच आहे. ज्या जनुकाची आरएनए प्रत निघते, त्याचेच प्रथिन तयार होते. या प्रक्रियेस जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात. २००२ मध्ये फाल्सिपेरमचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात १४ गुणसूत्रे व सुमारे ५,३०० जनुके असल्याचे दिसून आले. तांबड्या रक्तपेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत परजीवीला सुमारे ४८ तास लागतात. या काळात बहुतेक जनुके ठराविक क्रमाने, गरजेच्या वेळीच कार्यान्वित होतात, असे २००३ मधील संशोधनात आढळले.

प्रतिकारशक्तीला चकवा

या परजीवीजवळ ‘व्हार’ नावाच्या सुमारे ६० जनुकांचे एक कुल आहे. सामान्यतः एका परजीवीत एका वेळी त्यांपैकी एकच जनुक कार्यरत असते. त्यापासून बनणारे प्रथिन रक्तपेशीच्या पृष्ठभागावर येते व ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटते. त्यामुळे प्लीहेत जाऊन नष्ट होण्याचे संकट टळते. रुग्णाच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होईपर्यंत काही परजीवींनी दुसरे व्हार जनुक सुरू केलेले असते. हेच परजीवी वाचतात, वाढतात आणि संसर्ग चालू राहतो. बालकांमधील गंभीर हिवतापाचा संबंध व्हार जनुकांच्या विशिष्ट प्रकारांशी असल्याचे २०१२ व २०१३ मधील संशोधनातून पुढे आले.

प्रसाराचा निर्णय

रक्तातील बहुसंख्य परजीवी विभाजनाने वाढत असतात. परंतु त्यांतील थोडे लैंगिक अवस्थेकडे वळतात. हे वळण ‘एपी२-जी’ या नियामक जनुकावर अवलंबून असते, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. अशा पेशी पक्व होण्यास सुमारे १० ते १२ दिवस लागतात. त्या रुग्णाच्या शरीरात पुढे विभाजित होत नाहीत. मात्र डासामार्फत रोगाचा प्रसार त्यांच्यामुळेच होतो.

प्रयोगशाळा आणि रुग्ण

फाल्सिपेरमचे प्रयोगशाळेतील अखंड संवर्धन १९७६ मध्ये साध्य झाले आणि संशोधनाला मोठी गती मिळाली. परंतु संवर्धनपात्रात पोषकद्रव्ये मुबलक असतात. तेथे प्लीहा नसते, प्रतिपिंडेही नसतात. २००७ मध्ये सेनेगलमधील ४३ रुग्णांच्या रक्तातील परजीवींचा थेट अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जोमदार वाढीची, उपासमारीची व बाह्य ताणाची अशा तीन अवस्था सुचविल्या गेल्या. हे भेद परजीवींचे वय व लैंगिक अवस्था यांमुळेही दिसू शकतात, असा आक्षेप २००९ मध्ये घेण्यात आला. पक्व परजीवी रक्तवाहिन्यांना चिकटून राहत असल्याने बोटातून वा शिरेतून घेतलेल्या रक्तात प्रामुख्याने कोवळेच परजीवी मिळतात, ही मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. मालीमधील २०२० च्या अभ्यासात कोरड्या ऋतूतील परजीवींची जनुकीय अभिव्यक्ती पावसाळ्यातील तापाच्या रुग्णांमधील परजीवींपेक्षा भिन्न आढळली. कोरड्या ऋतूत परजीवी-बाधित पेशी उशिरा चिकटतात व अधिक काळ रक्तात फिरतात. परिणामी प्लीहा त्यांतील अनेक पेशी गाळून टाकते, परजीवींची संख्या अल्प राहते आणि व्यक्तीला आजार जाणवत नाही. डासांचा हंगाम परत येईपर्यंत संसर्ग मात्र टिकून राहतो.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केलेली आर२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. परजीवी रक्तपेशीत शिरण्यापूर्वीच्या अवस्थेतील एका प्रथिनावर तिचा रोख आहे. ही पायरी ओलांडून रक्तात पोहोचलेल्या परजीवीस रोखणारी लस घडविताना मात्र व्हार जनुकांच्या बदलत्या रूपांना सामोरे जावे लागते. परजीवीजवळ कोणती जनुके आहेत, ही माहिती त्यासाठी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. त्यांपैकी कोणती जनुके, कोणत्या रुग्णात आणि केव्हा कार्यरत होतात, हे रुग्णाच्या रक्तातील परजीवींच्या अभ्यासातूनच कळू शकते. म्हणून प्रयोगशाळेतील निष्कर्ष रुग्णांवरील निरीक्षणांशी सतत पडताळून पाहणे अगत्याचे ठरते.