एका घरातील सामाईक प्रिंटर आणि नवी संगणक-प्रणाली

एकाच घरातील दोन-तीन संगणकांनी मिळून एक प्रिंटर वापरावा, ही कल्पना दिसावयास अगदी साधी आहे. परंतु संगणकांना एकमेकांशी बोलावयास शिकविण्याच्या इतिहासात तिचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेतील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची एक संशोधनसंस्था होती. तेथे १९७३ साली 'आल्टो' नावाचे व्यक्तिगत संगणक तयार झाले आणि त्याच संस्थेत गॅरी स्टार्कवेदर यांचा लेसर प्रिंटर आकार घेत होता. हे यंत्र इतके अवजड व महाग होते की, प्रत्येक टेबलाशेजारी एकेक ठेवणे अशक्यच. तेव्हा पुष्कळ संगणकांना एका प्रिंटरशी वेगाने जोडू शकेल अशी काही व्यवस्था हवी होती. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात जी 'इथरनेट'ची योजना मांडली, तिच्यामागे ही गरजही होती. आज घरातील राउटरच्या पाठीमागे जी तार खोचलेली असते, ती या इथरनेटचीच वंशज होय. जाळे आधी विणले गेले व प्रिंटर त्यात मागाहून आला, असे झालेले नाही. प्रिंटर वाटून घ्यावयाचा होता म्हणूनही जाळे विणले गेले.

पन्नास वर्षांनंतर तो वाटून घेणे पुन्हा अवघड का व्हावे, हे पाहण्यासाठी बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारखी वस्ती सोयीची आहे. होसूर रस्ता व सर्जापूर रस्ता यांवरून नाव मिळालेली, सात सेक्टरांत विभागलेली आणि अगरा तलावाला लागून असलेली ही वसाहत संगणक-व्यवसायातील लोकांनी गजबजलेली आहे. पुणे, नागपूर, बेळगाव या भागांतून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही येथे आहेत. अशा घरात सामान्यतः एक कचेरीचा लॅपटॉप, एक मुलांच्या अभ्यासाचा संगणक आणि गावाहून राहावयास आलेल्या आजोबांसाठी ठेवलेला एखादा जुना संगणक असतो. या सर्वांना मिळून आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एक लहानसा लेसर प्रिंटर असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित पाठिंबा संपला. त्या सुमारास पुष्कळांनी 'विंडोज ११' बसविली, आणि काल संध्याकाळपर्यंत निमूटपणे छापणारा प्रिंटर आज दुसऱ्या खोलीतील संगणकाला ओळख दाखवीनासा झाला. "प्रिंटर गेला," असा निकाल घरात तत्काळ लागतो. तो बहुधा चुकीचा असतो. ज्या इमारतीत मजल्यागणिक दोन अभियंते राहतात तेथेही तो लागतो, याचे आश्चर्य मानण्याचे कारण नाही. आज्ञावली लिहिता येणे ही एक विद्या आहे, घरातील यंत्रांचे परस्परसंबंध जाणणे ही दुसरी.

कागदाचा प्रवास

आपण 'छापा' अशी आज्ञा दिली की काय घडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. संगणकातील 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली आपल्या मजकुराचे प्रिंटरला उमजेल अशा भाषेत रूपांतर करते. ते रूपांतर 'स्पूलर' नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीच्या रांगेत जाऊन बसते. तिला टपालकचेरी म्हणावयास हरकत नाही. प्रिंटर याच संगणकाला जोडलेला असेल, तर टपाल थेट प्रिंटरकडे जाते. तो दुसऱ्या खोलीतील संगणकाला जोडलेला असेल, तर या टपालकचेरीला त्या टपालकचेरीचे दार ठोठवावे लागते, आपण कोण ते सांगावे लागते आणि मगच टपाल हाती द्यावे लागते. प्रणाली बदलल्यानंतर जो बिघाड होतो, तो बहुतेक या दारावरच होतो. खुद्द प्रिंटरला त्याची वार्ताही नसते.

आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेसरजेट १०२० या प्रिंटरांची रचना येथे ध्यानात घ्यावी. त्यांना जाळ्याची तार जोडण्याची सोय नाही. फक्त यूएसबी तार आहे. शिवाय पानाचे चित्र रचण्याचे बहुतेक काम संगणकच करतो. एचपी १०२० तर वीज गेली की आपली अंतर्गत आज्ञावलीही विसरतो, आणि पुन्हा सुरू झाल्यावर संगणकाने ती नव्याने पढविल्याखेरीज एक ओळही छापीत नाही. म्हणून अशा प्रिंटरला एका संगणकाच्या आश्रयाने राहावे लागते. त्या संगणकाला आपण 'यजमान' म्हणू. यजमान झोपला, म्हणजे निद्रावस्थेत गेला, की सर्व घराचे छापणे थांबते. हे कारण इतके क्षुल्लक आहे की, पुष्कळदा त्याचाच विचार शेवटी होतो.

दार बंद का झाले

पूर्वी घरातील जाळे वाड्याप्रमाणे चाले. दिंडी दरवाजातून एकदा आत आलेल्याला कोणी पुन्हा विचारीत नसे. २००९ च्या 'विंडोज ७' मध्ये 'होमग्रुप' नावाची सोय होती. एक सामाईक पासवर्ड दिला की घरातील सर्व संगणक एकमेकांचे प्रिंटर वापरीत. एप्रिल २०१८ च्या आवृत्तीत ती सोय काढून टाकण्यात आली. तिच्या थोडे आधी, २०१७ च्या शरदातील आवृत्तीपासून, 'एसएमबी १' ही संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची जुनी रीत नव्या प्रतिष्ठापनेत आपोआप बसविणे बंद झाले. शेजारच्या संगणकांची यादी दाखविण्याचे कामही या जुन्या रीतीवर अवलंबून होते. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती उद्भवते: यादीत यजमानाचे नाव दिसत नाही, परंतु त्याचा पत्ता हाताने लिहिला तर तो भेटतो. ज्याने केवळ यादी पाहिली त्याला संगणक नाहीसा झाल्याचा भास होतो.

२०२१ साली स्पूलरमध्येच एक मोठे छिद्र सापडले. जगभर ते 'प्रिंट नाइटमेअर' या नावाने गाजले. प्रिंटरचा ड्रायव्हर पाठविण्याच्या मिषाने परक्याला दुसऱ्याच्या संगणकावर संपूर्ण ताबा मिळविता येत होता. ६ जुलै २०२१ पासून त्यावरील दुरुस्त्या येऊ लागल्या, आणि ऑगस्टपासून सामाईक प्रिंटरचा ड्रायव्हर बसविण्यास व्यवस्थापकाचा अधिकार आवश्यक झाला. १४ सप्टेंबर २०२१ च्या दुरुस्तीने दोन स्पूलरांमधील संभाषण सुरक्षित असलेच पाहिजे, अशी अट घातली. एक संगणक अद्ययावत व दुसरा मागासलेला असेल, तर शेवटी '११बी' असलेला संकेतांक दाखवून प्रिंटर जोडण्याचे नाकारले जाऊ लागले. २०२२ च्या विंडोज ११ आवृत्तीत तर स्पूलरांची बोलण्याची वाटच बदलली. एकाने जुन्या वाटेवर व दुसऱ्याने नव्या वाटेवर थांबावे, असे होऊ लागले. २०२४ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत, निदान 'प्रो' प्रकारात, नाव व पासवर्ड न विचारता कोणालाही आत घेणाऱ्या यजमानाशी व्यवहार करण्याचेच पाहुण्या संगणकाने नाकारले.

तात्पर्य, घरातल्या घरातही ओळख पटविली पाहिजे, असा नवा दंडक झाला. गैरसोय खरी आहे. पण तिच्यामागचे कारणही तितकेच खरे आहे.

शोध कसा घ्यावा

शोधाची सुरुवात नेहमी यजमानापासून करावी. यजमान संगणकावरून एक चाचणीचे पान छापावे. ते निघाले, तर प्रिंटर, त्याची तार आणि यजमानाचा ड्रायव्हर हे तिन्ही दोषमुक्त ठरतात आणि अर्धे काम संपते. ते न निघाले, तर जाळ्याकडे पाहण्याचे प्रयोजनच नाही. रांगेत अडकलेले एखादे जुने पान काढून स्पूलर पुन्हा सुरू करावा, अथवा नव्या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर मिळवावा. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. ३२ बिटांच्या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर तिला चालत नाही.

यानंतर दोन्ही संगणकांवर घरच्या वाय-फायचा प्रकार 'खाजगी' आहे की 'सार्वजनिक', ते पाहावे. नवी प्रणाली पुष्कळदा घरालाही रेल्वेस्थानकासारखे सार्वजनिक ठिकाण समजते आणि सर्व दारे लावून घेते. तो प्रकार खाजगी करून प्रिंटर सामाईक ठेवण्याची परवानगी दिली की, निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात, असे म्हणण्यास हरकत नसावी. एचएसआर लेआउटसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. कचेरीचा लॅपटॉप कंपनीच्या 'व्हीपीएन'मधून बोलत असेल, तर त्याचे सर्व टपाल प्रथम कंपनीत जाते आणि बाजूच्या खोलीतील प्रिंटर त्याला परका होतो. तसेच राउटरने पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवलेले असेल व एखादा संगणक त्यावर असेल, तर एका छताखाली असूनही त्यांची गाठ पडणार नाही.

मग पासवर्डाचा प्रश्न येतो, आणि येथेच सुशिक्षित माणसेही फसतात. संगणक उघडताना आपण जो चार आकड्यांचा पिन देतो, तो फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. जाळ्यावरून यजमानाने ओळख विचारली असता तो उपयोगी पडत नाही. तेथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे कोणाच्याच स्मरणात नसतो. ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्याला तर जाळ्यावरून प्रवेशच नाही. यावर सोपा उपाय म्हणजे यजमान संगणकावर केवळ छापण्यासाठी एक साधे खाते उघडून त्याला पासवर्ड देणे आणि इतर संगणकांवर तो एकदा नोंदविणे.

कधी प्रिंटर दोन दिवस चालतो आणि वीज जाऊन आली की पुन्हा हरवतो. याचा प्रणालीशी संबंध नाही. राउटर पुन्हा सुरू झाला की घरातील यंत्रांना पत्ते नव्याने वाटतो, काल १९२.१६८.१.५ या पत्त्यावर असलेला यजमान आज ७ वर असतो आणि टपाल रिकाम्या घरी जाते. पत्त्याऐवजी यजमानाच्या नावाने प्रिंटर जोडावा, अथवा राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवावा.

एक घातक उपाय

यावर एक झटपट तोड सुचविली जाते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. '११बी' आला की रजिस्ट्रीतील अमुक नोंद शून्य करा, दुरुस्ती काढून टाका, 'एसएमबी १' पुन्हा बसवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तसे केल्यास प्रिंटर चालू लागतो, हे नाकारता येत नाही. पण जे दार उघडले जाते, ते प्रिंटरपुरतेच उघडत नाही.

याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. एसएमबी १ मधील छिद्र बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये निघाली होती. तरी १२ मे रोजी 'वॉनाक्राय' आणि २७ जून रोजी 'नॉटपेट्या' या घातक आज्ञावली त्याच छिद्रातून जगभर पसरल्या. नॉटपेट्याचा उगम युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीत होता; परंतु मर्स्क या जहाज-कंपनीच्या जाळ्यावरून तिची झळ रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या कंटेनर टर्मिनलला लागली, आणि तेथील कामकाज विस्कळीत होऊन पुष्कळसे हाताने करावे लागले. नॉटपेट्याला पसरण्याच्या इतरही वाटा होत्या, हे खरे. पण ही एक वाट बंद करणे संगणकाच्या मालकाच्या हाती होते. ज्या घरातील एक लॅपटॉप रोज सकाळी कंपनीच्या जाळ्यात शिरतो, त्या घराने हे आपल्यापासून दूरचे समजू नये. '११बी'वरचा सरळ उपाय दोन्ही संगणक अद्ययावत करणे हा आहे. यजमान अद्ययावत होऊ शकत नसेल, तर यजमान बदलावा; नियम बदलू नये.

यजमानाला रजा

या सर्व खटपटीपेक्षा यजमानाची मध्यस्थीच काढून टाकणे अधिक चांगले, असे आमचे मत आहे. ज्या प्रिंटरला वाय-फाय किंवा इथरनेटची सोय आहे, तो थेट राउटरला जोडावा व त्याचा पत्ता राखून ठेवावा. मग प्रत्येक संगणक आपले टपाल स्वतःच पोचवितो आणि एकाची प्रणाली बदलल्याने दुसऱ्याचे अडत नाही. नवे प्रिंटर 'आयपीपी' या सर्वमान्य रीतीने बोलतात. त्यांना निर्मात्याचा वेगळा ड्रायव्हरही बहुधा लागत नाही, आणि मोबाइलवरूनही छापता येते.

केवळ यूएसबी तार असलेल्या जुन्या प्रिंटरसाठी 'रास्पबेरी पाय'सारखा तळहाताएवढा संगणक विकत घेऊन त्यावर 'कप्स' ही मुक्त आज्ञावली बसविता येते. एचपी १०२० साठी मुक्त ड्रायव्हर उपलब्ध असल्याने ही युक्ती त्याला लागू पडते. हा लहानगा यजमान दिवसरात्र जागा राहतो आणि वीज फारच थोडी खातो. कॅनन एलबीपी २९०० साठी मात्र ती सहजासहजी साधत नाही, कारण त्याची भाषा निराळी आहे. तो ज्या संगणकावर नीट चालतो तेथेच राहू द्यावा आणि इतरांनी आपल्या मजकुराची पीडीएफ प्रत करून पेन ड्राइव्हवरून तेथे न्यावी. महिन्यातून दहा-वीस पाने छापणाऱ्या घराला एवढे पुरते. त्यासाठी चालता प्रिंटर भंगारात घालण्याचे काही कारण नाही.