यंत्राची नोंदवही

घराच्या कोपऱ्यांत रात्रंदिवस मिणमिणणारें राउटर हें एक लहानसें संगणकयंत्रच होय. त्यांत बहुधा लिनक्स प्रणाली चालते. कोणतें उपकरण केव्हां जोडलें गेलें, संपर्क केव्हां तुटला, हें सर्व ती ओळीओळीनें टिपून ठेवते. या नोंदवहीस ‘लॉग’ म्हणतात. यंत्र बिघडलें म्हणजे कारण सांगणारा साक्षीदार बहुधा तोच असतो.

परंतु अशा यंत्रांत जागा मोठी तुटपुंजी. जुन्या साध्या राउटरांत कायमची स्मृति ४ किंवा ८ मेगाबाइट एवढीच असे. वही वाढतच राहिली तर जागा संपते आणि नवी नोंद करणें तर राहोच, यंत्राचीं इतर कामेंही अडतात. शिवाय फ्लॅश स्मृति पुनःपुन्हा लिहिल्यानें झिजते. २०२१ सालीं टेस्ला कंपनीनें अमेरिकेंत सुमारें १,३५,००० मोटारी परत बोलाविल्या, त्या या झिजेमुळेंच. त्यांतील ८ गिगाबाइटची स्मृति निकामी झाली कीं, मागील दृश्य दाखविणारा पडदा बंद पडे.

यावर उपाय म्हणजे शेलची चार ओळींची स्क्रिप्ट. क्रॉन हा पहारेकरी तिला ठराविक वेळीं जागें करतो. ती लॉगचें माप घेते आणि मर्यादा ओलांडली असल्यास जुन्या नोंदी काढून टाकते. मात्र येथेंच पुष्कळांची फसगत होते. ते फाइल सरळ पुसून टाकतात. लिनक्समध्यें फाइलीचें नांव आणि तिच्यांतील मजकूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नांव पुसलें तरी लिहिणारा प्रोग्रॅम ती फाइल उघडी धरून असतो. तो त्या निनांवी वहींत लिहीतच राहतो. यादींत कांहीं दिसत नाहीं आणि जागाही मोकळी होत नाहीं.

म्हणून शेवटच्या दोनशें ओळी प्रथम रॅममधील तात्पुरत्या फाइलींत उतरून घ्याव्या आणि मग त्याच मूळ फाइलींत परत ओताव्या. वही तीच राहते, पानें तेवढीं कोरीं होतात. लिहिणारा प्रोग्रॅम मात्र नेहमीं अखेरीस भर घालणारा असावा. या दोन पायऱ्यांच्या मध्यंतरीं आलेली एखादी ओळ गळते, एवढाच तोटा.

बिझीबॉक्स या साधनसंचांतील नोंदलेखक हें काम आपण होऊनच करतो. वेगळी सूचना नसल्यास २०० किलोबाइट होतांच तो नवी वही उघडतो आणि जुनी एकच राखतो. सर्व नोंदी रॅममध्येंच ठेवण्याचीही सोय त्यांत आहे. तिनें फ्लॅशची झीज टळते, पण वीज गेली कीं साक्षीदारही गेला.

तेव्हां मर्यादा किती असावी याचा निर्णय यंत्र बसवितांनाच झाला पाहिजे. बिघाडाच्या दिवशीं उपयोगीं पडतात त्या बहुधा अगदीं अखेरच्या ओळी. त्यांना जागा मिळावी म्हणूनच जुन्यांनीं वेळेवर निरोप घ्यावयाचा असतो.