समजून घ्या : डोंगर ‘एफएम’ला अडवतो का? हॅम रेडिओच्या परीक्षेतलं मॉड्युलेशन

टाकवे बुद्रुक : कान्हे फाट्यावरून टाकव्यात आलं आणि खांडीच्या रस्त्याला लागलं, की आंदर मावळाचे डोंगर जवळ येऊ लागतात. पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलचा भरवसा नाही. अशा वेळी हॅम रेडिओ काय करू शकतो, हे २००४च्या त्सुनामीत दिसलं. तेव्हा अंदमानात असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रेडिओवरून मुख्य भूमीशी संपर्क ठेवला.

त्यासाठी परवाना लागतो आणि परवान्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा. अनेकांची गाडी तिथे मॉड्युलेशनवर अडते.

मॉड्युलेशन म्हणजे काय?

आवाज थेट दूरवर जात नाही. तो एका वेगवान वाहक लहरीवर बसवावा लागतो. आवाजानुसार लहरीची उंची बदलली तर एएम, वारंवारिता बदलली तर एफएम. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर एएम आहे, तर १०१ मेगाहर्ट्झवर एफएम. वीज कडाडली की पहिल्यावर खरखर येते, कारण वीज लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करते.

मग एसएसबी कशाला?

इथे हिशेब करा. १०० वॉटची वाहक लहर पूर्ण एएम केली, तर एकूण १५० वॉट लागतात. त्यातले १०० वॉट वाहकाचे, ज्यात आवाज नसतोच. उरलेले ५० दोन साइडबँडमध्ये, २५-२५, आणि दोन्हींत मजकूर एकच! एसएसबी वाहक आणि एक साइडबँड काढून टाकते. मीही इंजिनीअरिंगला हे सूत्र पाठ करून मार्क मिळवले होते. बॅटरीवर सेट चालवायचा म्हटल्यावर त्याचा अर्थ कळला.

जागाही वाचते. ३ किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजाला एएम ६ किलोहर्ट्झ घेते, एसएसबी ३. एफएममध्ये वारंवारिता ५ किलोहर्ट्झने हलवली, तर दोन्हींची बेरीज दुप्पट, म्हणजे सुमारे १६.

नेहमीची गफलत

‘एफएम डोंगर ओलांडत नाही’ हे अर्धवट आहे. हॅमचे एफएम वॉकीटॉकी बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतात. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून डोंगराआड सापडत नाहीत. अडथळा वारंवारितेचा आहे, मॉड्युलेशनचा नाही. उंचावर रिपीटर असेल तर तोच वॉकीटॉकी डोंगरापलीकडे बोलतो. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र वर जाऊन आयनोस्फिअरवरून परततात आणि डोंगरामागे उतरतात. त्या पट्ट्यात बोलणं बहुतांशी एसएसबीवर चालतं, त्यामुळे श्रेय चुकून एसएसबीला मिळतं.

साध्या एएम रेडिओवर हे बोलणं बदकासारखं ऐकू येतं. काढलेला वाहक रिसीव्हरमध्ये परत मिसळावा लागतो. ‘बीएफओ’ हे मंडल त्यासाठीच असतं. आणि प्रघात लक्षात ठेवा : १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर साइडबँड, वर अप्पर.