खिशांतील चलच्चित्र कॅमेरा : कपाशींतील कसोटी

कोणतेंही नवें यंत्र विकत घेण्यापूर्वीं तें आपल्या शेतांत चालवून पाहावें, हा नियम नांगरास जितका लागू, तितकाच कॅमेऱ्यासही लागू आहे. गुलाबी बोंडअळी लागलेलें कपाशीचें फूल नीट उमलत नाहीं. त्याची डोमकळी होते. २०१७ सालीं या अळीनें विदर्भांतील कपाशीचें अतोनात नुकसान केलें. अळी बोंडांत लपून राहते, म्हणून डोमकळी वेळेवर ओळखणें हाच बचावाचा पहिला मार्ग होय. ती ओळख चलच्चित्रानें गांवोगांव पोंचवितां येईल काय, हें पाहण्याकरितां आम्हीं वर्धा जिल्ह्यांतील कपाशींत अशा एका कॅमेऱ्याची परीक्षा घेतली.

हें यंत्र डी. जे. आय. कंपनीचें ‘ऑस्मो पॉकेट ३’ होय. तें ऑक्टोबर २०२३ मध्यें बाजारांत आलें. वजन १७९ ग्रॅम. भिंग ज्या मस्तकांत बसविलें आहे, त्यास तीन दिशांनीं फिरविणाऱ्या तीन लहान मोटारी आहेत. हात कलला कीं आंतील संवेदक तें ताबडतोब ओळखतो व मोटार मस्तकास तितकेंच उलट वळविते. त्यामुळें चित्र सरळ राहतें. मात्र मोटारी मस्तक फिरवितात, उचलीत नाहींत. म्हणून पावलागणिक बसणारा खालींवर हिसका चित्रांत राहतोच. तासांतून चालतांना गुडघे किंचित वांकवून, पाऊल हळू टाकावें, म्हणजे तो पुष्कळ कमी होतो.

जवळून चित्र घेतांना बोंड भिंगापासून एक वीत, म्हणजे सुमारें २० सेंटिमीटर, दूर धरावें. त्याहून जवळ आणल्यास अळी अस्पष्ट दिसते.

उन्हाची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. कंपनीनें हें यंत्र ४० अंश सेंटिग्रेडपर्यंत चालविण्यास सांगितलें आहे. आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांवरही जातो. तेव्हां उन्हाळ्यांत सकाळींच काम उरकावें. यंत्र पाण्यापासून व धुळीपासून सुरक्षित नाहीं. फवारणी किंवा मळणी चालू असतां तें पिशवींतून काढूं नये.

आतां जोडसाहित्याविषयीं. चित्रें सांठविण्याचें कार्ड वेगळें घ्यावेंच लागतें, कारण यंत्रांत स्वतःची सांठवण नाहीं. त्यानंतर पहिला खर्च कॉलरला लावण्याच्या बिनतारी मायक्रोफोनवर व त्याच्या केसाळ टोपीवर करावा. शेतांत वारा आवाज गिळून टाकतो आणि सांगणाऱ्याचे शब्द ऐकूं न आल्यास चित्र निरुपयोगी ठरतें. दुसरी वस्तु लहान तिपाई. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ च्या सुमारास वाटाण्याचें रोप कसें वाढतें, हें थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्र घेऊन दाखविलें होतें. त्या पद्धतीची सोय या यंत्रांतही आहे, पण ती तिपाईवांचून साधत नाहीं. जादा बॅटरीची मूठ दूरच्या शेतांत उपयोगी पडते. रुंद दृश्याचें भिंग व उजेड कमी करणाऱ्या काळ्या कांचा मात्र शेतकऱ्यास सध्यां नकोत.

चित्रांत काय दाखवावें, हें यंत्र सांगत नाहीं. एकच डोमकळी दाखविल्यानें घबराट तेवढी पसरते. कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्रीं प्रति सापळा ८ पतंग, अथवा शेंकडा १० फुलें किंवा बोंडें किडलेलीं आढळल्यास फवारणी करावी, असें कृषितज्ज्ञ सांगतात. याकरितां शेताच्या निरनिराळ्या भागांतील फुलें मोजतांना चित्र घ्यावें व मोजणीचा आंकडा, गांव आणि तारीख तोंडानें स्पष्ट सांगावी. असें चित्र पाहून शेजाऱ्यास आपल्या शेतांत तीच मोजणी करितां येते.

आमच्या मतें हें यंत्र एकेका घरानें घेण्यासारखें नाहीं. गांवच्या सहकारी संस्थेनें एक घेऊन दोन तरुणांस तें शिकवावें व हंगामांत दर आठवड्यास निदान एक मोजणी गांवास दाखवावी. तेवढें होणार नसेल, तर ते पैसे कामगंध सापळ्यांवर खर्च करणें अधिक श्रेयस्कर.