पांढऱ्या साडीपलीकडचे भय

नाशिक, प्रतिनिधी

भयपट म्हटला की पांढरी साडी, मोकळे केस आणि हातातील मेणबत्ती हे चित्र प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. महाविद्यालयीन विद्यार्थी अल्प खर्चात जे मानसशास्त्रीय भयपट करतात, त्यांत मात्र ते फारसे उपयोगी पडत नाही. या कथांतील भूत वाड्यात नसते. ते खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या तरुण-तरुणीच्या मनात असते. मन कॅमेऱ्याला दिसत नाही, कपडे दिसतात. त्यामुळे वेशभूषा हा अशा चित्रपटाचा निम्मा संवादच ठरतो.

केवळ वेशावर पात्र उभे करण्याची परंपरा नाशिक परिसराला परकी नाही. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. 'लंकादहन' (१९१७) मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच साकारल्या. आवाजाचा आधार नसलेल्या मूकपटात हा भेद वेश आणि अभिनय यांनाच सांभाळावा लागला.

वय कसे दाखवावे?

अठरा ते पंचवीस या वयातील व्यक्ती ना पुरती घरची असते, ना पुरती स्वतंत्र. समजा, सुरगाण्याहून कॉलेज रोडवर शिकायला आलेला एक मुलगा आहे. पहिल्या प्रसंगात त्याच्या अंगात घरून आणलेला, कडक इस्त्रीचा सदरा आहे. पुढे मित्राचे जॅकेट येते. शेवटी तो मित्र नाहीसा होतो, जॅकेट मात्र याच्या अंगावरच राहते. एका वाक्याचाही संवाद न घालता प्रेक्षकाच्या मनात संशय शिरतो.

'ब्लॅक स्वान' (२०१०) या चित्रपटात हेच तत्त्व रंगांतून वापरले आहे. आईच्या धाकातील नर्तिका आरंभी पांढऱ्या व फिकट गुलाबी कपड्यांत दिसते. तिचा तोल ढळू लागतो तसे करडे आणि काळे रंग येतात.

खर्च कमी, शिस्त अधिक

यासाठी मोठा पैसा लागत नाही. 'हॅलोविन' (१९७८) मधील खुन्याचा मुखवटा बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मुखवट्याला पांढरा रंग देऊन केलेला होता. नाशिकच्या विद्यार्थ्यांना मेन रोड, शालिमारची दुकाने आणि घरातील कपाट पुरेसे आहे. शिस्त मात्र हवी. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने कोणत्या प्रसंगात कोणता कपडा, किती मळलेला, बाही दुमडलेली की सोडलेली, याची वही ठेवावी लागते. रक्ताचा डाग पडणार असेल तर त्याच कपड्याचे दोन-तीन जोड लागतात. नवे कापड जुने दिसावे म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून काढतात. बारीक रेघांचे कापड कॅमेऱ्यात लहरते, काळा कपडा अंधारात हरवतो आणि कृत्रिम धाग्याची सळसळ ध्वनिमुद्रणात उतरते. हे सारे चित्रीकरणापूर्वी तपासणे इष्ट.

खरा धोका

वेशभूषा पात्राविषयी बोलते, तशीच ती पात्राचा निवाडाही करू शकते. तोकडे कपडे घालणारी मुलगी आधी मरते आणि साधी, सोज्वळ मुलगी वाचते, हा भयपटांचा जुना संकेत आहे. नकळत तो उचलला, तर चित्रपट भयाऐवजी उपदेश करू लागतो.

दुसरा संकेत अधिक घातक आहे. मानसिक आजार म्हणजे विस्कटलेले केस आणि फाटके कपडे, असे समीकरण पडद्याने रूढ केले. प्रत्यक्षात नैराश्याने किंवा भीतीने ग्रासलेला विद्यार्थी नीटनेटका सदरा घालून रोज तासाला बसत असू शकतो. तो ओळखू येत नाही, हेच खरे भय. पूर्ण बाह्यांचा सदरा उन्हाळ्यातही न सोडणारी मुलगी किंवा आठवडाभर तोच स्वेटर घालणारा मुलगा पडद्यावर दिसला, तर प्रेक्षक दचकेल. चित्रपट संपल्यावर त्याने शेजारच्या बाकावरील मित्राकडे एकदा नीट पाहिले, तर त्या वेशभूषेचे काम पुरे झाले.