शक्ती कमी नाही, ओळख चुकली : आमवाताविषयी थोडे

जुन्नर-आंबेगावात कांदा लागणीचे दिवस आले की आपल्या बायाबापड्यांचे हात दिवसभर गार चिखलात असतात. संध्याकाळी बोटे दुखली तर नवल नाही. विसावा मिळाला की ते दुखणे उतरते. पण सकाळी उठल्यावर मूठच वळत नाही, कडकपणा तासभर जात नाही, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले आणि हे सहा आठवडे चाललेले असेल, तर ते कामाचे दुखणे समजू नका. तो आमवात, म्हणजे रुमॅटॉइड संधिवात असू शकतो.

आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ साली घरोघर पाहणी केली. दर १०० प्रौढांत सुमारे १८ जणांना सांधे-स्नायूंची दुखणी होती. खरा आमवात मात्र साधारण २०० प्रौढांमागे एकाला. म्हणून तो ओळखायला उशीर होतो.

हा रोग होतो कसा? रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीराच्या पहारेकरी. त्यांतल्या टी-पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. आपल्याच अंगावर उठतील अशा पेशी तिथेच बाद केल्या जातात. काही निसटतात. त्यांना आवरायला वेगळ्या नियामक टी-पेशी असतात. त्या जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. या विषयातील कामासाठी त्यांना मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल मिळाले.

हा आवर सुटला की पहारेकरीच घरच्यांवर हात टाकतात. सांध्याच्या अस्तरावर हल्ला झाला तर आमवात. स्वादुपिंडावर झाला तर मुलांमधला, इन्सुलिनवर चालणारा मधुमेह. त्वचा, मूत्रपिंड अशा अनेक ठिकाणी झाला तर ल्युपस.

आवर का सुटतो? थोडे अनुवंशिक, थोडे बाहेरचे. बिडी-सिगारेटच्या धुराने आमवाताचा धोका वाढतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो. करणी, मागच्या जन्मीचे पाप, कुणाचा स्पर्श यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

वस्त्यांमध्ये फिरताना आम्हांला दोन गोष्टी सारख्या दिसतात. एक, ‘शक्ती कमी झाली’ म्हणून महागडी पावडर. इथे प्रतिकारशक्ती कमी नाही, ती वाट चुकली आहे. पावडरीने ती वाटेवर येत नाही. दुसरी, सुजेचे इंजेक्शन. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पण तेवढ्यावर वर्षे काढली तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि सांधे वाकडे व्हायचे ते होतातच.

मग करायचे काय?

• पहिल्या काही महिन्यांतच जुन्नर किंवा घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय अथवा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. गरज पडली तर ससूनसाठी चिठ्ठी मागा.

• ‘सकाळी किती वेळ कडक राहते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्यांविषयी विचारा.

• मेथोट्रेक्सेट दिले तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे. रोज घेतले तर जीवावर बेतते. गरोदरपणात ते चालत नाही. मूल हवे असेल तर आधी सांगा.

• स्टिरॉइड चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका.

वेळेत औषध सुरू झाले तर बहुतेकींचे हात कामाचे राहतात. आणि हातावर पोट असलेल्या घरात बाईचे हात चालते राहणे म्हणजे चूल पेटती राहणे.