ययातीच्या हातातील मस्तक

उत्तर आकाशातील ययाती तारकासमूह पाश्चात्त्य परंपरेत पर्सियस या ग्रीक वीराच्या नावाने ओळखला जातो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने नोंदवलेल्या ४८ तारकासमूहांत त्याचा समावेश आहे. दिवाळीच्या दिवसांत तो सूर्यास्ताच्या सुमारास ईशान्येला उगवू लागतो आणि मध्यरात्रीनंतर उत्तरेला बराच उंच चढतो. शर्मिष्ठेची ‘एम’ अक्षरासारखी आकृती आणि ब्रह्महृदय हा तेजस्वी पिवळसर तारा यांच्यामधल्या भागात शोधले की ययाती सापडतो. त्याच्या ताऱ्यांची एक रांग दक्षिणेला कृत्तिकांच्या दिशेने उतरते.

मराठीत रूढ असलेली ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि वृषपर्वा ही नावे महाभारतातील आहेत. ग्रीक कथेशी त्यांचा संबंध नाही. मात्र एकाच कथेतील माणसे आकाशात शेजारी-शेजारी बसवण्याची कल्पना दोन्हीकडे आहे.

ग्रीक कथेनुसार आपल्या मुलीच्या मुलाकडून आपल्याला मृत्यू येणार, असे भाकीत आर्गॉसचा राजा अक्रिसियस याला ऐकावे लागले. म्हणून त्याने आपल्या मुलीला, डॅनीला, कोंडून ठेवले. देवराज झ्यूस सोनेरी पावसाच्या रूपाने तिच्याजवळ आला आणि पर्सियसचा जन्म झाला. राजाने मायलेकांना पेटीत घालून समुद्रात सोडले. सेरिफॉस बेटावरच्या डिक्टिस नावाच्या कोळ्याने त्यांना वाचवले. पुढे तिथला राजा पॉलिडेक्टिस डॅनीवर लुब्ध झाला आणि तिच्या मुलाचा अडसर दूर व्हावा म्हणून त्याने पर्सियसला मेड्यूसाचे मस्तक आणायला धाडले. केसांच्या जागी साप असलेल्या मेड्यूसाकडे जो पाही, तो दगड होई. पर्सियसने थेट तिच्याकडे न पाहता चकचकीत ढालीतील प्रतिबिंबावर नजर ठेवून तिचा शिरच्छेद केला. केवळ बळाने जिंकणाऱ्या वीरांच्या गर्दीत त्याचे वेगळेपण या युक्तीत आहे.

परतीच्या वाटेवर त्याला खडकाला साखळदंडांनी बांधलेली अँड्रोमेडा दिसली. तिची आई कॅसिओपिया हिने सौंदर्याचा गर्व केल्यामुळे सागरदेव पोसायडन कोपला होता आणि त्याने पाठवलेल्या राक्षसाला राजकन्येचा बळी द्यायचा होता. पर्सियसने राक्षसाला मारून तिच्याशी विवाह केला. तीच आपली देवयानी. तिची आई म्हणजे शर्मिष्ठा आणि वडील सीफियस म्हणजे वृषपर्वा. भाकीतही अखेर खरे ठरले: खेळांच्या वेळी पर्सियसने फेकलेली थाळी लागून अक्रिसियस मेला.

समूहातील सर्वांत तेजस्वी तारा मिरफाक १.८ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). सुमारे ५०० प्रकाशवर्षांवरच्या या पिवळसर महाराक्षसी ताऱ्याभोवती त्याच्याच कुळातील ताऱ्यांचा विखुरलेला गुच्छ द्विनेत्रीतून फार देखणा दिसतो.

तरीही ययातीचा खरा मानकरी अल्गोल आहे. आकृतीत तो पर्सियसने हाती धरलेल्या मेड्यूसाच्या मस्तकात येतो, आणि त्याचे अरबी नावही राक्षसाच्या मस्तकावरूनच पडले आहे. एरवी २.१ प्रतीचा हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावत ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. या सगळ्याला सुमारे दहा तास लागतात. सतराव्या शतकात इटलीच्या जेमिनिआनो मोंतानारी याने त्याचे तेज बदलते हे नोंदवले, पण त्यातील नियमितपणा शोधला तो इंग्लंडमधील यॉर्कच्या जॉन गुडरिक याने. लहानपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या या मुलाने १७८२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अल्गोलचा पाठपुरावा सुरू केला. एखादी काळोखी वस्तू ताऱ्याभोवती फिरताना त्याला झाकत असावी, असा तर्क त्याने मांडला. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो वारला. त्याचा तर्क बरोबर असल्याचे १८८९ मध्ये जर्मनीत हेर्मान फोगेल यांनी वर्णपटावरून दाखवले.

झाकणारी वस्तू पूर्ण काळोखी नाही. तो एक थंड, मंद, फुगलेला तारा आहे. इथे एक कोडे उभे राहते. जड तारे इंधन लवकर संपवतात आणि आधी म्हातारे होतात, पण अल्गोलमध्ये हलका ताराच अधिक म्हातारा आहे. उत्तर असे, की पूर्वी तोच जड होता. फुगल्यावर त्याचे द्रव्य जोडीदाराकडे वाहत गेले. तिसरा एक तारा या जोडीपासून दूर राहून तिच्याभोवती फिरतो.

हा बदल पाहायला दुर्बीण लागत नाही. एरवी अल्गोल देवयानीतील अल्माक ताऱ्याइतका तेजस्वी दिसतो. पूर्ण मंदावला की ययातीतीलच २.९ प्रतीच्या एप्सिलॉन ताऱ्यापेक्षाही फिका पडतो.

शर्मिष्ठेच्या बाजूला, पर्सियसच्या उगारलेल्या हाताशी, काळोख्या रात्री एक धूसर ठिपका दिसतो. तो सुमारे ७५०० प्रकाशवर्षांवरचा जोडगुच्छ होय.

ऑगस्टमध्ये १२-१३ तारखेच्या सुमारास याच समूहातून उल्कावर्षाव होतो. १८६२ मध्ये सापडलेल्या आणि सुमारे १३३ वर्षांनी परतणाऱ्या स्विफ्ट-टटल धूमकेतूची धूळ सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरून जळते. महाराष्ट्रात त्या वेळी पावसाळी ढग असल्याने हा वर्षाव अनेकदा हुकतो.